नोटिशीच्या आधीचा अबोला

एका गालावर साबण होता आणि दुसऱ्यावर अजून लागायचा होता, अशा वेळी शेजारच्या खुर्चीतून कोणीतरी म्हणालं, "राम राम, साडूभाऊ." केवलराम लांजेवारांची मान वळणारच होती. मान ही फार जुनी, अडाणी चीज आहे. तिला कंपनी कायदा माहीत नसतो. पण गळ्यापाशी शालिकराम न्हाव्याचा वस्तरा होता म्हणून ती थांबली, आणि केवलराम नंतर बरेच दिवस असं समजत राहिले की ती त्यांच्या निग्रहानं थांबली. समोरच्या आरशात दोघंही दिसत होते. भिलाईच्या पावर हाउस स्टेशनच्या बाजूचं हे दुकान, त्यात दोनच खुर्च्या, त्यातली एक गेली कित्येक वर्षं केवलरामांची. आणि आज दुसरीत, गळ्याशी तसलंच पांढरं फडकं बांधून, दयाराम मेंढे बसला होता. बराच पिकला होता. कानाजवळचे केस तर पार. केवलरामांना वाटलं, हा कधी पिकला? आणि लगेच आठवलं की तीन वर्षं आपण त्याच्याकडे बघितलंच नाही. समोरून आला की आपण दुकानांच्या पाट्या वाचतो. पावर हाउसच्या बाजारातल्या सगळ्या पाट्या त्यांना पाठ झाल्या होत्या. दयारामच्या मुलीच्या लग्नात ते मांडवातून उठले त्या रात्रीपासून हा आवाज त्यांच्याकडे तोंड करून बोलला नव्हता, आणि आज बोलला तोही आरशाकडे तोंड करून. तरी तो अंगात कुठेतरी खोल जाऊन बसला, उन्हातून आल्यावर पहिला घोट जातो तसा. केवलरामांना याचा राग आला. तहान लागली आहे हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी जबलपूरला, हायकोर्टात, तारीख होती. दाढी त्यासाठीच चालली होती. मेंढे फाउंड्री विरुद्ध लांजेवार रोलर्स प्रायव्हेट लिमिटेड. मेंढे म्हणजे हा दयाराम, लांजेवार म्हणजे आपण, आणि मधल्या त्या 'विरुद्ध'मध्ये दोघांच्या बायका, तारा आणि कमलिनी, सख्ख्या बहिणी, ज्यांचं एकमेकींविरुद्ध काहीच नव्हतं. दयारामचा अर्ज असा होता की या कंपनीकडे माझे पावणेदोन लाख रुपये निघतात, ती ते देऊ शकत नाही, तेव्हा कंपनी गुंडाळा, लेथ-बिथ विकून टाका आणि माझे पैसे मला द्या. पैसे निघत होते हे खरं होतं. देता येत नव्हते हेही खरं होतं. आणि केवलरामांनी शपथेवर लिहून दिलं होतं की दोन्ही खोटं आहे. माल खराब निघाला, कास्टिंगात, म्हणजे ओतीव नगांत, हवेची भोकं होती, म्हणून हे देणं आम्हाला मुळात मान्यच नाही, आणि या खराब मालावरूनच दोन्ही पक्षांचं तीन वर्षांपासून बोलणं बंद आहे. त्यातलं बोलणं बंद आहे एवढं खरं होतं. त्या एका खऱ्या वाक्यावर बाकीची सगळी खोटी वाक्यं रेलून बसली होती, गर्दीच्या बसमध्ये एका उभ्या माणसाच्या आधारानं चार जण झोपतात तशी. आता हा बाजूच्या खुर्चीतून राम राम म्हणतो. त्याला राम राम म्हटलं तर बस ब्रेक मारणार.

जबलपूरच्या शेवडे वकिलांनी हे फार छान समजावून सांगितलं होतं. शेवडे म्हणजे तीन पिढ्यांपासून जबलपूरचे. त्यांचं मराठी कपाटात घडी करून ठेवलेलं असावं तसं होतं, वापर कमी म्हणून स्वच्छ. "तुमच्याकडे पैसे नाहीत हे तुम्ही या खोलीत बोललात, ठीक आहे," ते म्हणाले होते. "बाहेर बोलू नका. कायदा सोपा आहे, लांजेवार. देणं कबूल आणि खिशात पैसे नाहीत, तर कंपनी असमर्थ. असमर्थ कंपनी कोर्ट गुंडाळतं. पण देणंच कबूल नसेल, तर ती असमर्थ नाही. ती भांडते आहे. भांडणाऱ्या कंपनीला इथे कोणी हात लावत नाही. अर्जदाराला सांगतात, बाबा रे, आधी दिवाणी कोर्टात जा, देणं सिद्ध कर, मग ये. तो जातो बिचारा. तिथून परत आलेला मी अजून पाहिला नाही."

"म्हणजे ज्याले द्यायचे हायेत पण जवळ नाईत, तो बुडाला," केवलराम म्हणाले. "अन् ज्याले द्यायचेच नाईत तो?"

"तो प्रतिवादी," शेवडे म्हणाले. "त्याला बसायला खुर्ची मिळते." मग त्यांनी बोट वर केलं. भांडण मात्र खरं लागतं. बोनाफाईड. तीन आठवड्यांची नोटीस आली आणि मग भांडण सुचलं, याला बहाणा म्हणतात, आणि बहाण्याचा वास जज्जाला लांबून येतो. नोटिशीच्या आधीचं काही आहे का? तक्रार? एखादा वाकडा शब्द? केवलरामांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. तक्रार नव्हती. प्रत्येक खेपेत दोन-चार नग खराब निघायचेच, कोणाच्या फाउंड्रीत निघत नाहीत. ते बाजूला पडायचे, पुढच्या ट्रकमधून परत जायचे, बदलून यायचे. वाकडा शब्द तर नव्हताच. "शब्द नाई, साहेब," ते म्हणाले, "म्हणजे शब्दच बंद हायेत. तीन वर्षं झाले, आमी बोलून नाई राहिलो." शेवड्यांनी चष्मा काढला, पुसला आणि डोळ्यांवर ठेवून केवलरामांकडे असं बघितलं, जसं आजवर त्यांच्याकडे फक्त सासूबाईंनी बघितलं होतं, मुलगा पसंत पडल्यावर. "कशावरून?" "टॉवेलावरून," केवलराम म्हणाले.

आता टॉवेल. दयारामच्या थोरल्या मुलीचं, सिंधूचं, लग्न. आपल्या भंडाऱ्याकडच्या लोकांत मांडवात मानाच्या माणसांना टिळा लावून टॉवेल-टोपी देतात. कोणाला द्यायची यापेक्षा कोणाच्या आधी द्यायची, याला महत्त्व. मुलीचा मोठा मावसा म्हणजे अगदी वरच्या ओळीतला माणूस. आणि नुसता मावसा? दयारामला भिलाईला आणला कोणी? साकोलीजवळच्या गावातून हा पोरगा पत्र्याची पेटी घेऊन आला तेव्हा केवलराम पोलाद कारखान्याच्या फाउंड्री शॉपमध्ये फोरमन होते. त्यांच्याच क्वार्टरच्या व्हरांड्यात झोपला, त्यांच्याच हाताखाली वाळूचे साचे दाबायला शिकला, आणि त्यांच्याच सांगण्यावरून कमलिनीच्या वडिलांनी धाकटी, तारा, त्याला दिली. नोकरी सोडून केवलरामांनी औद्योगिक वसाहतीत लेथ टाकल्या तेव्हा यानं उतईच्या रस्त्यावर भट्टी टाकली; तो लोखंड ओतायचा, हे ते लेथवर कातायचे. लग्नाचा निम्मा मांडव केवलरामांनी उभा केला होता. आचारी त्यांचा, पाण्याचा टँकर त्यांचा, सतरंज्या त्यांनी मराठी मंडळातून आणलेल्या. आणि ऐन वेळी कोणी एक बडे साहेब आले, न सांगता, सोबत तीन छोटे साहेब घेऊन. दयारामची त्रेधा. आधी साहेबांना टॉवेल-टोपी, मग छोट्या साहेबांना, मग मुलाकडच्यांना, आणि ताट फिरत फिरत केवलरामांपुढे आलं तेव्हा त्यात टोपी होती. टॉवेल संपले होते. दयारामनं टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि हसत म्हणाला, "घरचाच मानूस हाय, टॉवेल घरी आनून देतो!" मांडव हसला. केवलरामही हसले. हसू पुष्कळ वेळ चेहऱ्यावर तसंच राहिलं, पाहुणे गेल्यावर लाउडस्पीकर चालू राहतो तसं. टोपी घट्ट होती. भात झाल्यावर ते पंगतीतून उठले, आणि टॉवेल घरी आलाच नाही. तो आला असता तर, हे ते पुष्कळदा मनाशी घोळवत, तर त्यांनी तो परत पाठवला असता.

अबोला हा कोणी जाहीर करत नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला नाही, तिसऱ्या दिवशी तिकडून आला नाही, आणि गणपतीपर्यंत सेक्टरांतल्या तमाम मराठी घरांना कळलं की लांजेवार-मेंढे यांचं बंद आहे. आरतीला एकाला उजवीकडे आणि दुसऱ्याला डावीकडे उभं करायची व्यवस्थाही मंडळानं विनातक्रार केली. धंदा मात्र चालू. ट्रक ड्रायव्हर तेजराम दोन्हीकडे निरोप पोचवायचा. "मेंढेसाहेब म्हणते, पुढची खेप बुधवारी." "सांग त्याले, गुरुवारी पायजे." निरोपातून लोखंड जातं. पैसे जात नाहीत. पैशाची गोष्ट ड्रायव्हरच्या तोंडून मागायची नसते, आणि ड्रायव्हरच्या तोंडून 'नाहीत' असं सांगायचीही नसते. रायपूरच्या एका ठेकेदारानं केवलरामांचा माल उचलून पैसे दाबून ठेवले. हे चहा पिता पिता सांगितलं असतं तर दयाराम म्हणाला असता, राहू द्या जी, सवडीनं द्या. पण चहा बंद होता. सांगणार कसं? तिकडे दयारामची भट्टी कोळशावाल्यानं अडवली. तो येऊन म्हणाला असता, साडूभाऊ, थोडे तरी काढा. पण बोलणं बंद. मागणार कसा? दोघंही एकमेकांना न बोलता माल देत-घेत राहिले आणि आकडा गवतासारखा वाढला. शेवटी दयाराम जे बोलला ते दुर्गच्या वकिलाकडून, रजिस्टर्ड पोस्टानं, इंग्रजीत. पाकीट फोडताना केवलरामांना, सांगायला लाज वाटते, पण आधी सुखच झालं होतं. बोलला शेवटी! त्यांनी सगळी नोटीस त्यात दयारामचा एखादा शब्द सापडतो का म्हणून वाचली. नव्हता. होतं ते असं की, कोर्टानं अर्ज दाखल करून घेतला की पेपरात जाहिरात येते. जाहिरात आली की बँक हात आखडते. बँकेनं हात आखडला की लेथवरची चाळीसेक माणसं घरी, आणि केवलरामांचं जुनवानीचं घर, जे बँकेकडेच गहाण होतं, तेही गेलं. हे सगळं त्या पाकिटात नीट घडी करून बसवलेलं होतं.

"टॉवेलाचं आपण ऐकलंच नाही असं धरू," शेवडे म्हणाले होते. "लग्न कोणत्या महिन्यात? मे. मे महिन्यात त्याच्याकडून माल आला होता? आलाच असणार. मग झालं की. मे महिन्यात माल आला, मे महिन्यात बोलणं बंद झालं. कोर्टाला दुसरं काय पाहिजे? साऱ्या भिलाईनं पाहिलेला अबोला! लांजेवार, लोक माझ्याकडे येऊन जुन्या तारखांची भांडणं तयार करून मागतात. तुम्ही अस्सल घेऊन आलात." निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन बजावलं. बोलायचं नाही. हसायचं नाही. लग्नाला, बारशाला, मयताला जायचं नाही. राम रामला राम राम म्हणालात की बोनाफाईड संपलं. केवलरामांना हे सोपं वाटलं, कारण ते तीन वर्षं हेच फुकट करत होते. पण परतीच्या गाडीत त्यांच्या लक्षात आलं की कालपर्यंतचा अबोला त्यांचा होता. मनात येईल तेव्हा मोडता येईल म्हणून तर तो इतकी वर्षं टिकला. आजपासून तो कंपनीचा झाला. मग कोर्टात फोटो लावायचे म्हणून ते शेडमागच्या भंगारात भोकं शोधायला गेले. चार नग मिळाले. त्यातला एक दयारामचा नसावा अशी शंका होती, पण फोटोत शंका येत नाही. वरून सगळं सपाट, चकचकीत, आणि लेथवर कातता कातता आतून एकाएकी भोक उघडतं. ओतताना हात थांबला की हवा अडकते आणि लोखंड तिच्याभोवती मुकाट्यानं थिजतं. 'हात थांबवू नको, पागल, ओतत राह्य' असं त्या पत्र्याच्या पेटीवाल्या पोराला कोण सांगत होतं? फोटोग्राफरनं विचारलं, और पास से लूँ? केवलराम म्हणाले, और पास से.

"साहब," शालिकराम म्हणाला. तो आता दुसऱ्या गालावर आला होता. "मेंढे साहब आप से कुछ कह रहे हैं."

"तू आपलं काम कर," केवलराम आरशाला म्हणाले.

"नोका बोलू," दयाराम म्हणाला. आवाज थकलेला होता पण रागाचा नव्हता. "तुमाले जबाब द्यायचा नसन तं नोका देऊ, साडूभाऊ. आयका फकत. पुढच्या ऐतवारी आपल्या बेबीचं साक्षगंध हाय. पोरगी म्हणते, मावसाजी नाई आले तं मी पाटावर बसत नाई. दोन दिवस जेवली नाई थे. तुमी तिले वळखता, किती जिद्दी हाय."

ओळखत होते. बेबी, जिचा हा साखरपुडा, दयारामची धाकटी, सहावीपासून दहावीपर्यंत यांच्याच घरी होती, उतईच्या रस्त्यावरून शाळा लांब पडते म्हणून. केवलराम-कमलिनीला मूलबाळ नव्हतं, आणि हे कोणी कधी बोलून दाखवलं नव्हतं. फक्त एक दिवस तारानं पोरीची बॅग आणून ठेवली होती. सायकल चालवायला तिला केवलरामांनी शिकवलं, मागून सीट धरून, आणि सोडली तरी धरली आहे असं ओरडत धावत राहिले, सिव्हिक सेंटरच्या वळणापर्यंत. बाकड्यावर तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यातले एक श्यामराव, कारखान्याच्या अकाउंट्समधले, मंडळाचे चिटणीस. त्यांनी पेपर खाली केला होता. दुसऱ्या कोपऱ्यात रेडिओवर कोणीतरी भाताच्या खोडकिडीबद्दल सांगत होतं.

"अन् अजून एक," दयाराम म्हणाला. त्यानं आपली दाढी करणाऱ्या न्हाव्याच्या पोराचा हात बाजूला केला आणि तो वळला. आरशाकडून नव्हे, सरळ, साबणासकट. "सिंधूच्या लग्नात माहं चुकलं. टॉवेलाचं. साहेब लोकाइले पाहून मले का सुचलं नाई. सगळ्याइच्या समोर चुकलं होतं, म्हून सगळ्याइच्या समोर म्हणून राहिलो. माफ करा."

हे वाक्य केवलरामांनी तीन वर्षं ऐकलं होतं. आंघोळ करताना ऐकलं होतं, पाट्या वाचताना ऐकलं होतं, आणि दर वेळी त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: जाऊ दे रे, पागल. एवढंच. ते आताही जिभेवर आलं, ओठापाशी आलं, साबणाची चव लागली. आणि तिथेच त्यांना दिसलं की श्यामराव ऐकताहेत. सगळ्यांसमोर का? घरी का नाही आला? परवा तारीख आणि आज माफी. टॉवेलाचं भांडण होतं असं तीन माणसांसमोर आपण कबूल केलं की मालाचं भांडण कुठे राहिलं? दुर्गचा तो वकील हुशार आहे म्हणतात. त्यांनी दयारामच्या चेहऱ्यात वकील शोधला. डोळ्यांत पाहिलं, ओठांच्या कडांना पाहिलं, साबणाखाली काय असेल ते पाहिलं. कुठे सापडला नाही. आणि सापडला नाही म्हणून त्यांना जास्त भीती वाटली, कारण इतकं बेमालूम खोटं बोलणारा माणूस किती तयारीचा असेल! मग त्यांच्या मनात आलं की हा खरं बोलत असला तर? तर आणखी वाईट. खोट्या माफीला नाही म्हणता येतं. चाळीस माणसं. घर. बँकेचा तो मॅनेजर, जो आता उठून दारापर्यंत येत नाही. त्यांना वाटलं, हा सोमवारनंतर आला असता तर. एवढी साधी गोष्ट याला कळू नये, माफी मागायलाही तारीख बघावी लागते म्हणून.

"झगडा टॉवेलाचा नाई," केवलराम म्हणाले. आवाज कोर्टासाठी ठेवलेला होता, तो लवकर निघाला. "मालाचा हाय. तुमच्या मालात भोकं होते."

तुमच्या. जन्मात त्यांनी दयारामला 'तू'शिवाय हाक मारली नव्हती. दुकानात कोणाला हे कळलं नसेल; दयारामला कळलं. रागावेल, ओरडेल, असं केवलरामांना वाटलं, वाटलं काय, त्यांना ते हवं होतं. ओरडला असता तर अबोल्याला नवा दम आला असता. पण दयाराम पुढे वाकला आणि काळजीनं, अगदी भट्टीवाल्याच्या काळजीनं, विचारू लागला, "कोनत्या खेपेत, साडूभाऊ? मे महिन्यातल्या? वाळू ओली असन. मले कावून नाई सांगतलं? तेजरामजवळ निरोप देल्ला असता तं सगळी खेप बदलून देल्ली असती मी."

केवलरामांनी डोळे मिटले. "साहब, हिलिए मत," शालिकराम म्हणाला. ते हलत नव्हते.

जबलपूरला फार वेळ लागला नाही. दुर्गच्या वकिलानं सांगितलं की हा सगळा एका लग्नातल्या मानपानाचा प्रकार आहे. शेवडे उठून म्हणाले की माय लॉर्ड, ज्या दोन घरांचा धंदा बिघडतो त्यांचीच लग्नं बिघडतात, उलट कधी होत नाही. जज्जसाहेब किंचित हसले. मग निकाल आला. वाद हा प्रामाणिक आणि भरीव स्वरूपाचा दिसतो. उभय पक्षांतील संबंध नोटिशीच्या बऱ्याच आधीपासून तुटलेले आहेत याबद्दल दुमत नाही. कंपनी गुंडाळण्याचा अर्ज हे अशा वादग्रस्त देण्याच्या वसुलीचं साधन होऊ शकत नाही. अर्जदारानं हवं तर दिवाणी दावा करावा. दयाराम मागच्या बाकाजवळ उभा होता, सिंधूच्या लग्नातला कोट घालून. त्याला इंग्रजी येत नव्हतं. वकिलानं कानात सांगितलं तेव्हा त्यानं मान हलवली, जशी माणसं डॉक्टरचं ऐकून हलवतात. बाहेर व्हरांड्यात शेवड्यांनी केवलरामांच्या पाठीवर थाप मारली.

"आता बोलू?" केवलरामांनी विचारलं.

"कोणाशी?"

"साडूसंग. ऐतवारी त्याच्या पोरीचं साक्षगंध हाय."

"वेड लागलंय का?" शेवडे म्हणाले. "आता तो दिवाणीत जाणार. तिथे पाच वर्षं, दहा वर्षं. तुमचं भांडण आता नुसतं भांडण नाही राहिलं, हायकोर्टानं ते खरं ठरवलंय. जपा त्याला. तुमच्या कंपनीकडे दुसरं काय आहे?" आणि फीची उरलेली रक्कम त्यांनी सावकाश, पण वाद होणार नाही अशा स्वरात सांगितली.

रविवारी दुपारी जुनवानीच्या घरात कमलिनी हिरवं पातळ नेसून तयार होती. ती या तीन वर्षांत बहिणीकडे जायची एकदाही थांबली नव्हती. पुरुषांचं ते पुरुषांपाशी, अशी तिची रीत. ती सगळ्या प्रकाराला 'तुमचा टॉवेल' म्हणायची. तुमच्या टॉवेलाची तारीख कधी हाय? तुमच्या टॉवेलाले वकिलानं किती घेतले? बेबीसाठी तिनं पाटल्या काढून ठेवल्या होत्या, स्वतःच्या, आईकडून आलेल्या. दाराशी ऑटोरिक्षा येऊन उभी होती आणि ती आरशासमोर टिकली नीट करत होती. करता करता थांबली.

"एक इचारू का जी?"

"इचार."

"बाहेर तुमी काही भी सांगा. मले खरं सांगा. माल खराब होता का?"

केवलराम खाटेच्या कडेला बसले. त्यांनी आत पाहिलं, आणि फार खात्रीनं पाहिलं, कारण उत्तर कुठे ठेवलं आहे ते त्यांना माहीत होतं. तिथे गेले तर फोटो होते, अगदी जवळून काढलेले. निकालातलं वाक्य होतं, भरीव आणि प्रामाणिक. शालिकरामच्या दुकानातला त्यांचाच आवाज होता. वाळू ओली असन, असं दयारामनं स्वतः म्हटलं होतं; का म्हटलं? काही असल्याशिवाय माणूस असं म्हणतो का? त्यांनी मे महिन्यातली ती खेप आठवून पाहिली, ट्रकमधून उतरवलेले नग एक एक करून आठवले, आणि त्यांना दिसलं की आपण भोकं मोजतो आहोत. नाही म्हणावं, तर ही आता रिक्षात बसून जाईल, बायकांत बसेल, तारापाशी रडेल, आणि बोलून जाईल. तारा दयारामला सांगेल. दयाराम वकिलाला. पण एवढा विचार करायची गरज पडली नाही. उत्तर त्याच्या आधीच निघालं होतं, आणि इतकं हलकं निघालं की त्यांनाच नवल वाटलं.

"हो," ते म्हणाले. "खराब होता."

कमलिनीनं त्यांच्याकडे पाहिलं. तीस वर्षांच्या संसारात तिनं त्यांना खोटं बोलताना पुष्कळदा पकडलं होतं. तेव्हा ते मिशी चाचपायचे. आज हात मांडीवर स्वस्थ होते.

"मंग मले कावून नाई सांगतलं?" ती म्हणाली. "तीन साल मी तिच्या घरचा चहा पेत होती. लोकं मनात का म्हणत असन? इचा नवरा बुडून राहिला, अन् हे बुडवनाऱ्याच्या घरी पापड लाटून राहिली. मले वाटे तुमचीच खोडी हाय. मले वाटे, टोपीवर टॉवेल नाई भेटला म्हून रुसले." ती खुर्चीवर बसली. पाटल्यांची डबी तिनं मांडीवर घेतली, उघडली, बंद केली. "ताराले मालूम असनच. नवरा भट्टीत का ओतते, बायकोले मालूम असते. अन् मले म्हणे, बाई, भावजींची समजूत काढ."

"तू जा," केवलराम म्हणाले. "बेबीचं हाय. तू जाऊन ये."

"मी नाई जात." ती उठून कपाटाशी गेली. "तुमाले फसवलं ते मले नाई फसवलं का? तुमालेच इज्जत हाय का? मी भी आता तिच्यासंग नाई बोलत." पाटल्या आत गेल्या, कपाटाचं दार लागलं, आणि मग ती पातळाच्या पिना काढू लागली, एक एक, तोंडात धरून, म्हणून पुढचं नीट कळलं नाही. "रिक्षावाल्याले जाऊ द्या," एवढं कळलं.

केवलराम बाहेर आले. ऊन कडक होतं. रिक्षावाला सीटवर पाय वर घेऊन बसला होता. ते एकटेच आलेले पाहून त्यानं पाय खाली घेतले. जाना नहीं है, केवलराम म्हणाले. तो वैतागला. "साहब, पावर हाउस से खाली आया हूँ, खाली जाऊँगा. आधा भाड़ा तो बनता है."

बनत होतं. केवलरामांनी खिशात हात घातला आणि एक शब्द न बोलता ते देऊन टाकलं.